बारव मोहीम : गाळ निम्मा निघाला, तिसरी वाट सापडली

मागच्या नोंदीपर्यंत आमच्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांनी उतरायच्या जुन्या दगडी विहिरीच्या, वरच्या टप्प्यावरचा कचरा आणि वेड्या बाभळी काढून झाल्या होत्या. आता बातमी. पूर्वेकडच्या ढिगाऱ्याखाली पायऱ्या निघाल्या, चांगल्या घडीव आणि जागच्या जागी. म्हणजे आमच्या बारवेला तीन वाटा आहेत. जुन्या शिल्पग्रंथांच्या हिशेबात एक वाट असली की नंदा, दोन असल्या की भद्रा, तीन म्हणजे जया आणि चार म्हणजे विजया. वहीतली भद्रा खोडून जया लिहिलं. मोजमापाचा नकाशा नव्यानं काढावा लागणार, पण त्यावर कुणी कुरकुरलं नाही.

पाणी उपसण्यावरून मात्र वाद झाला. गावातल्यांनी मोटार, पाइप सगळं दिलं आणि म्हणाले, एका रात्रीत कोरडी करून टाकू. ते केलं नाही. बारवेतलं पाणी भिंतीला आतून टेकू देत असतं आणि भिंतीमागच्या मातीतही तेवढंच पाणी मुरलेलं असतं. आतलं पाणी झटक्यात काढलं की मागचा सगळा दाब एकट्या भिंतीवर येतो आणि आधीच फुगलेला थर आत कोसळतो. म्हणून थोडं उतरवायचं, मोटार बंद करायची, फुगवट्यापाशी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून भिंत सरकली का ते बघायचं, मगच पुढचं. कंटाळवाणं काम आहे. पण दगड हलला नाही.

गाळ शेतकरी नेतायत, ट्रॉल्या लागल्यात. अट एकच, चाळल्याशिवाय ट्रॉलीत टाकायचा नाही. काचा, प्लास्टिक, निर्माल्याच्या पिशव्या तर निघतातच, पण कोरीव दगडांचे तुकडेही निघतात. ते धुऊन, फोटो काढून, कुठे सापडले ते लिहून एका बाजूला मांडलेत. एखादं नाणं, दागिना किंवा मूर्ती निघाली तर 1878 च्या निखात निधी कायद्यानं 10 रुपयांवरच्या किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. परस्पर पारावर नेऊन शेंदूर फासायचा नाही, हे पोरांना आधीच बजावलंय.

आता सिमेंटचं. दर रविवारी कुणीतरी येऊन सांगतं, दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरून घ्या, पक्कं होईल. आमच्या बारवेच्या खालच्या थरांत दरजा भरलेल्याच नाहीत. दगडावर दगड नुसता बसवलाय आणि झरे त्या फटींतूनच येतात. त्या बुजवल्या तर पाणी मागे तुंबणार, भिंत ढकलणार, आणि बारव कोरडी ती कोरडी. गळणारी भिंत हीच इथली चांगली भिंत आहे, हे पटवताना तोंडाला फेस आला.

पिंपळाची रोपंही उपटत नाही आहोत, मुळं दगड घेऊनच बाहेर येतात. बुंध्याशी कापायचं आणि फुटवा आला की परत कापायचं. तणनाशक लावा म्हणणारे आहेत, पण खाली गुरं पाणी पितात.

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर (1719 ते 1724 मधलं बांधकाम) बघून आलेल्यांना आमची बारव साधी वाटेल. वर महाल नाही, शिलालेख नाही. परभणीकडच्या वालूरची गोल फिरत उतरणारी बारव बघितली तर आणखीच साधी. असू दे. तीन बाजूंनी उतरता येतं म्हणजे एके काळी इथं गर्दी होत असणार.

कठड्याचे वरचे थर मात्र चुन्यातले आहेत आणि ते सुटलेत. ते काम पावसाळ्यानंतर. चुना आताच भिजत घालतोय, त्यात मिसळायला गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर गावातच मिळेल. अडलंय ते गवंड्यापाशी. चुन्यात हात असलेला, सिमेंटची पाटी दूर ठेवणारा कुणी तुमच्या माहितीत असेल तर कळवा. मजुरी देऊ, जेवण आमच्याकडे.