स्थलांतरित

एप्रिल 2020 चा शेवट. बीड जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर मी एएनएम, म्हणजे गावची नर्स. सरकारनं 17 एप्रिलला ऊसतोड कामगारांना घरी परतायची परवानगी दिली आणि आमच्याकडच्या टोळ्या ट्रकमधून येऊन उतरल्या. गावानं त्यांना वेशीच्या आत येऊ दिलं नाही. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, 14 दिवस.

आमचं काम काय, तर कपाळावर थर्मल गन धरायची आणि ‘ताप नाही’ लिहायचं. लसीकरण सत्रं बंद होती. संध्याकाळी वर पाठवायच्या तक्त्यात ताप-खोकल्याचा रकाना होता, गरोदर बाईचा नव्हता.

त्या दिवशी गनचे सेल संपले. दुकानं बंद, नवे आणणार कुठून? म्हणून नुसतीच व्हरांड्यात बसले आणि तेव्हा ती दिसली. डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, भिंतीला टेकलेली.

“काय होतंय गं?”

“काय नाय बाई, डोकं ठणकायलंय. उनाचं आसंल.”

तिच्या घोट्यावर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. बीपी 170/110. लघवीच्या पट्टीवर अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन. आठवा महिना. तिनं गाठोड्यातून कार्ड काढलं. शेवटची नोंद दिवाळीआधीची, माझ्याच अक्षरातली. नंतरचे सगळे महिने फडात मोळ्या वाहण्यात गेलेले, एकही तपासणी नाही.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन टाका, झटके येण्याची वाट बघू नका. दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम टोचलं. गरोदर बायांसाठीची 102 ची गाडी कोरोना संशयितांच्या फेऱ्यांत अडकलेली. 108 ची रुग्णवाहिका आली दीड तासानं.

“ही क्वारंटाईनमधली ना?” ड्रायव्हर खाली उतरेना. पीपीई किट आम्हीही कुणी पाहिलं नव्हतं. आशाताई घरी पळाल्या, नवऱ्याचा रेनकोट आणला. त्या उन्हात तो बिचारा रेनकोट घालून गाडी चालवत होता. मला त्याचा राग आला नाही. त्याच्याही घरी लेकरं होतीच.

मोठ्या रुग्णालयाच्या दारात आधी स्वॅब की आधी वॉर्ड, यावर दोन तास गेले. औषध जास्त तर झालं नाही ना, म्हणून मी तिचे श्वास मोजत, गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का ते तपासत बसले. रात्री सिझेरियन झालं. मुलगी, 1800 ग्रॅम. दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा गेले ते बीपीचं यंत्र आणि लसीकरणाचं रजिस्टर घेऊनच. फडावर जन्मलेलं तीन महिन्यांचं एक बाळ निघालं, त्याला जन्मल्यावर द्यायची क्षयाची बीसीजी लससुद्धा नव्हती. वर्ष उलटलेल्या दोघांची नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस राहिलेली. हे लॉकडाऊनमुळे नव्हतं. ती तारीख टळली तेव्हा लॉकडाऊन लागलेलाच नव्हता.

मग गरोदर मातांचं रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे नोव्हेंबरपासून प्रत्येक रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता: ‘स्थलांतरित’. त्याच पानावर आणखी चार नावांपुढेही तोच.