तुम्ही विचारलंत म्हणून: मी सही का केली नाही

दर रविवारी मिस्साला जातेस, गुड फ्रायडेचा उपास धरतेस, मग वाडीच्या हिश्शावरून सख्ख्या भावाशी वाद कशाला? चर्चमध्ये अनासक्ती शिकवतात ना? आत्यांपासून शेजारणींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. एकदाच सांगते.

हो, शिकवतात. पण गरिबीचं व्रत सिस्टर्स आणि संन्यासी संघांतले फादर घेतात, तेही स्वतः होऊन. धर्मप्रांताच्या फादरांनासुद्धा ते व्रत नसतं. आम्हा संसारी माणसांना सांगितलंय ते एवढंच, की आहे त्यात जीव अडकवू नका, त्यात गरजवंताचाही वाटा आहे. सोडायला आधी ते आपलं तर असायला हवं! 1925च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय.

बापूस जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात भावाने हक्कसोडपत्र टाइप करूनच आणलेलं. माझ्या नावाखाली ‘कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने’. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. आमचा नंबर आला. भाऊ वाकून हळूच म्हणाला, “बाय, येशू म्हणतो, आत्म्याने दीन ते धन्य. बापूस हेच शिकवून गेला ना तुला?” अंगठा मशीनवर ठेवायचा तेवढा राहिला होता. मी हात मागे घेतला. दीन व्हायला त्या घरात त्याला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. तो एक शब्द न बोलता जिना उतरून गेला. त्या नाताळला त्याच्या घरून ताट आलं नाही. चर्चमध्ये तो आता पलीकडच्या बाकांवर बसतो, आणि शांतीची खूण देताना मान वळवतो.

पैसे नकोत असं मी म्हणणार नाही. घोडबंदर रोडला मेट्रोचे खांब उभे राहिले, वाडीचा भाव कुठे गेला ते मला ठाऊक आहे. रात्री तो आकडा डोक्यात फिरतो. ही आसक्तीच.

लग्नाआधीची मी असते, तर सही करून मोकळी झाले असते. मागणं म्हणजेच लोभ, असं त्या मुलीला वाटायचं. तिचा आदर्श तोलेंतिनोचा थॉमस, 1321 मध्ये याच ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन संन्याशांमधला. कडक गरिबीच्या आग्रहापायी त्याने आधी तुरुंगही भोगला होता. मी तिला सांगते, त्याच्यानंतर दोनच वर्षांनी, 1323 मध्ये, पोप बाविसावे जॉन यांनी ‘येशू आणि प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं’ हा हट्ट पाखंड ठरवला. चर्चलाही हा प्रश्न सोपा गेला नाही.

मग ती बायबलमधल्या लूकचा बारावा अध्याय उघडते. एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वारसा वाटून द्यायला सांगा. येशू त्याची बाजू घेत नाही, उलट लोभापासून जपा म्हणतो. इथे मी अडते. कुणाकडे उत्तर असेल तर मला खरंच हवंय.

तोवर सातबाऱ्यावर माझं नाव लागू दे. पुढे ती जमीन ठेवायची की द्यायची, हे भावाने मला सांगायचं नाही.