सेकंदाला वीस ठोके

आपलं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. दिवसभर पाणबुडी अन् मोनोब्लॉक पंपांच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी येतात. व्होल्टेज पडलं की मोटार जळते, आणि आमच्या अकोट तालुक्यात हंगामात ते कधी पडत नाही ते विचारा. रात्री नऊला शटर ओढलं की मी लॅपटॉप उघडतो आणि रेल्वे सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडी चालवायच्या खेळासाठी, इंजिन बांधत बसतो. तीन वर्षं झाली, एकच डिझेल इंजिन: वायडीएम-४. अकोला–खंडवा मीटरगेजवर धावायचं ते. २०१७ च्या सुरुवातीला ती लाइन बंद झाली. आता अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज झालंय, पण वान रोड, धुळघाटकडची मीटरगेज गेली ती गेलीच. पुढची ब्रॉडगेज मेळघाट टाळून जायची आहे.

सिम्युलेटर म्हणजे ओपन रेल्स. फुकट मिळतो, हौशी लोकांनीच बनवलाय, आणि मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरच्या फाइली वाचतो. इंजिनाची सगळी कुंडली एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते, नोटपॅडमध्ये उघडा अन् बदला. वजन ७२ टन, १४०० अश्वशक्ती, सहा एक्सल, आठ नॉच, म्हणजे थ्रॉटलच्या दांड्याचे टप्पे. बाहेरचा आकार ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काढला. त्यात कष्ट खूप पण डोकं कमी लागतं, म्हणून त्याचं पुराण सांगत नाही.

डोकं लागलं आवाजाला. पहिल्या वेळी मी आळस केला. अल्को या अमेरिकी कंपनीच्या बनावटीच्या मोठ्या ब्रॉडगेज इंजिनाचा आवाज हाताशी होता, तोच चिकटवला. आमच्या गल्लीत एक रिटायर ड्रायव्हर काका राहतात, याच लाइनवर त्यांची अर्धी नोकरी गेली. त्यांना बोलावलं, खुर्ची दिली, स्पीकर लावला. काकांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही.

"हे आपलं इंजिन नाही बाप्पा."

"काऊन काका?"

"ठोका मोज ना लेका. आपलं सहा सिलिंडरचं हाय, हे सोळाचं हाय."

मोजलं. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. आयडलला, म्हणजे नुसतं चालू ठेवलं असताना, मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे. सहा सिलिंडरचे मिनिटाला बाराशे ठोके, सेकंदाला वीस. सोळा सिलिंडरचे सेकंदाला त्रेपन्न. वीस ठोके कानाला सुटे सुटे कळतात, ढक-ढक-ढक. त्रेपन्नची नुसती गुरगुर होते. डिसेंबर २०१६ मध्ये, गाडी बंद होणार कळल्यावर, अकोट स्टेशनवर मोबाइलवर केलेलं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. ते ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एक सेकंद ताणून पाहिला. वीस उंचवटे, दोघांत ५० मिलिसेकंदांचं अंतर. रात्री पावणेबारा वाजले होते, मी एकटाच हसलो.

पण त्या रेकॉर्डिंगमध्ये एक कुत्रं आहे, चहावाला आहे, आणि गाडी सुटल्यावर तिसऱ्या नॉचपर्यंतचाच आवाज आहे. पुढे इंजिन लांब गेलं. वरच्या नॉचसाठी तोच आवाज ताणला तर मच्छर गुणगुणल्यासारखा झाला. शेवटी इंदूरजवळच्या महूला गेलो. हीच लाइन पूर्वी खंडव्याहून पुढे महूला जायची, आणि पातालपाणी–कालाकुंडच्या घाटात पर्यटकांसाठी मीटरगेजची गाडी ठेवली आहे, वायडीएम-४ लावून. येताना घाट चढायचा असतो. इंजिनाजवळच्या डब्यात खिडकीशी बसलो, मायक्रोफोनला बायकोच्या जुन्या शालीचा तुकडा गुंडाळला. शेजारचं कुटुंब माझ्याकडे बघत होतं. बघू दे.

आवाज बसला, तर काका म्हणे, "हे इंजिन हाय का फटफटी?"

कारण थ्रॉटल ओढला की माझं इंजिन लगेच धावत सुटायचं. खऱ्यात तसं नसतं. डिझेल इंजिन चाकं फिरवतच नाही. ते जनरेटर फिरवतं, त्या विजेवर एक्सलवरच्या मोटारी चालतात. नॉच वाढवला की आधी इंजिनाचे फेरे चढतात, मग हळूहळू लोड येतो. मोटारींचा धंदा माझा, तरी हे मलाच सुचू नये! फाइलीत फेरे किती वेगाने चढावेत ते सांगणारी ओळ आहे, तिचा आकडा कमी केला. मग ओढ. चाकांपर्यंत हजार अश्वशक्ती पोचते असं धरलं तर ताशी २० किलोमीटरला ओढ साडेतेरा टनांच्या जरा वर येते, ४० ला बरोबर त्याच्या निम्मी. सुटताना मात्र शक्ती कितीही असो, ७२ टनांच्या चाकांची रुळावर जेवढी पकड तेवढीच. पावसाळ्यात तीही घसरते.

धुराचं सोपं निघालं. वायडीएम-४ ही अल्कोच्याच बनावटीचं, आणि अल्कोत डिझेल आधी पोचतं आणि टर्बोची, म्हणजे सिलिंडरात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, हवा मागून येते, म्हणून नॉच ओढताच काळा लोट निघतो आणि थोड्या वेळाने विरळ होतो. ओपन रेल्समध्ये स्थिर धुराचा रंग वेगळा आणि बदलत्या वेळचा वेगळा देता येतो. दुसरा रंग मी मनसोक्त काळा दिला. (घाटात मोटारी जास्त तापवल्या तर येणारा जळक्या वार्निशचा वास देता येत नाही. तो दुकानात आहेच.)

मागच्या रविवारी काकांना पुन्हा बसवलं. या वेळी त्यांनी स्वतः माउस हातात घेतला. अकोटहून गाडी काढली, हिवरखेडला उभी केली, प्रवासी चढले, ब्रेक सोडला. गाडी लगेच हलली. काकांनी हात वर केला.

"थांब. व्हॅक्यूम तयार झालं?"

"हो ना, काटा त्रेपन्न सेंटिमीटरवर हाय."

"इंजिनातला काटा कायले दाखवतं मले? मागच्या डब्यातली हवा कोण ओढली, तुह्या बापानं?"

व्हॅक्यूम ब्रेक पाइपातली हवा ओढून घेतली की सुटतात, आणि शेवटच्या डब्यापर्यंतची हवा ओढायला वेळ लागतो. तेव्हापासून मी ब्रेकच्या पाइपात अडकलोय. डबे सात धरावे की आठ, एवढं काकांना विचारायचं राहिलंय.