पाकिटामागचे आकडे

१९९३ चा डिसेंबर. ओहायोतल्या एका विद्यापीठात मी एमएस करत होतो आणि फी सुटावी म्हणून विभागातली सन मशीन (युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे सन कंपनीचे संगणक) सांभाळत होतो. सेमिस्टर संपलं, बर्फ पडायला लागलं आणि सरांनी फर्मान काढलं, "सुट्टीत मी घरून काम करणार. घरच्या पीसीवर युनिक्स टाकून दे." (प्राध्यापकांना नावाने हाक मारायची तिथली पद्धत. माझ्या तोंडून मात्र शेवटपर्यंत 'सर'च निघालं.)

पीसी म्हणजे ४८६ एसएक्स, ८ एमबी रॅम, १७० एमबीची डिस्क. विकतचं युनिक्स घ्यायला सर तयार नव्हते. मिनिक्स हे छोटं, युनिक्ससारखं, शिकवायला छान, पण त्यावर रोजचं काम कोण करणार? फुकटात खरं तर दोनच घराणी होती. एक लिनक्स. दुसरं बीएसडी, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेलं युनिक्स: जोलिट्झ पतिपत्नींनी १९९२ मध्ये ३८६बीएसडी आणलं, त्याच्या दुरुस्त्यांचे ढीग साचत गेले आणि वैतागलेल्या मंडळींनी १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी अशा दोन वेगळ्या चुली मांडल्या.

माझा जीव बीएसडीवर. आमच्या सन मशीनवरचं सनओएस त्याच रक्ताचं, नेटवर्कचा कोड वर्षानुवर्षं घासूनपुसून झालेला. लिनक्स अजून ०.९९ वरच घुटमळत होतं, आणि मोडेमवर मधेच कनेक्शन गळून पडलं की कोणाला दोष द्यायचा तेही कळायचं नाही.

"पण त्यांच्यावर खटला चालू आहे ना?" सरांनी विचारलं. होता. युनिक्सवर हक्क सांगणाऱ्या यूएसएल कंपनीने १९९२ मध्ये बीएसडी विकणाऱ्या बीएसडीआय कंपनीवर दावा लावला होता आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठही त्यात ओढलं गेलं होतं. मी म्हटलं, तुमच्या घरी कोण येतंय जप्ती घेऊन! (१९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींमधल्या फक्त तीन काढाव्या लागल्या. त्या तीन फायलींपायी बीएसडीची उमेदीची दोन वर्षं गेली, याचा मला आजही राग येतो.)

फ्रीबीएसडी आणि स्लॅकवेअर लिनक्स, दोन्हींच्या फ्लॉप्या मी नेल्या होत्या. डिस्क नुसती बघावी म्हणून आधी लिनक्सच्या बूट फ्लॉपीने मशीन चालू केलं, डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणाऱ्या एफडिस्कमध्ये यादी बघायला 'पी' दाबलं आणि समोर पडलेल्या ख्रिसमस कार्डाच्या पाकिटामागे आकडे उतरवले. सी ड्राइव्ह सिलिंडर (डिस्कवरचे गोल पट्टे) १ ते ६०५, प्रकार ६, म्हणजे डॉसचा. डी ६०६ ते १०१०, एक्स्टेंडेड पार्टिशनच्या, म्हणजे पोटात आणखी भाग (लॉजिकल पार्टिशन) ठेवणाऱ्या भागाच्या आत. डीमध्ये नुसते गेम होते. सीवर बाईंचे, म्हणजे सरांच्या पत्नीचे, चर्चचे हिशेब लोटस या स्प्रेडशीटमध्ये होते. "त्याला हात लावायचा नाही हं," असं त्या कॉफी देताना दोनदा बजावून गेल्या.

बीएसडीला स्वतःचं प्रायमरी (मुख्य) पार्टिशन लागायचं, म्हणजे डी पुसून टेबल, म्हणजे कुठला भाग कुठे याची डिस्कवरची यादी, नव्याने लिहिणं आलं. इन्स्टॉलरने डिस्कची भूमिती, म्हणजे वाचणारी हेड किती आणि एका पट्ट्यात तुकडे (सेक्टर) किती, ते विचारलं. हेड ६, सेक्टर ५५. मी घाईत हेड ५५ आणि सेक्टर ६ टाकले. 'हो' म्हटलं. पुढच्या पडद्यावरचे आकडे जुळेनात तेव्हा ट्यूब पेटली. मशीन बंद करून डॉसची फ्लॉपी घातली, तर सी ड्राइव्हच नाही!

बाई स्वयंपाकघरात कॅरल गुणगुणत होत्या. मला घाम फुटला होता.

जरा डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं, अजून काही फॉरमॅट केलेलं नाही. नकाशा फाटलाय, जमीन जागेवर आहे. परत लिनक्सची फ्लॉपी, परत एफडिस्क. पाकिटावरचे आकडे जसेच्या तसे भरले, लिहिले, मशीन सुरू केलं. काही नाही. हा एफडिस्क नव्या पार्टिशनला आपला, म्हणजे लिनक्सचा, ८३ प्रकार चिकटवतो, तो बदलून ६ करायला मी विसरलो होतो. ते केलं. तरी बूट होईना. सीला ॲक्टिव्ह, म्हणजे मशीन जिथून सुरू व्हायचं तो भाग, करायचं राहिलं होतं! 'ए' दाबून तिसऱ्यांदा लिहिलं आणि पडद्यावर सी, कोलन, तिरकी रेघ उमटली. चर्चचे हिशेब पैन् पै जागेवर.

त्यानंतर बीएसडीचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. डीच्या जागेत लिनक्स मुकाट बसलं. ते लॉजिकल पार्टिशनमध्येही राहतं, सीला धक्का लावायची गरजच नव्हती. हे सकाळी सुचायला हवं होतं. एक फ्लॉपी वाचता येईना म्हणून बर्फातून लॅबला एक फेरी झाली. एक्स विंडोजला, म्हणजे युनिक्सच्या चित्रमय पडद्याला, जागा उरली नाही. रात्री अकराला मोडेम किंचाळला, लॅबच्या मशीनचं लॉगिन दिसलं, सर खूश.

निघताना मी बाईंना सगळं कबूल केलं. त्या हसल्या. "अरे, दर शुक्रवारी दोन फ्लॉप्यांवर कॉपी काढते मी. एक चर्चमध्येच असते."

डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर लिलो (डिस्कवरूनच लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) टाकायची हिंमत मात्र मी केली नाही. लिनक्स बूट फ्लॉपीनेच चालू व्हायचं. जानेवारीत गेलो तेव्हा ती फ्लॉपी मॉनिटरवर ठेवलेली होती आणि तिच्यावर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती: हिशेबाला बसण्याआधी ही बाहेर काढणे.