तांब्या घेऊन लाइट बघायला गेलो

माझ्या मामांचं नाशकातल्या भांडी बाजारात पितळी भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला, "एवढा मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून पहाटे गंगेवर हिंडतोस, तर माझ्या चार समया आणि दोन तांबे काढून दे की. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचेत." मी लगेच हो म्हणालो. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, रामकुंडावरचं कोवळं ऊन, पाण्यावरचं धुकं, घाटावर वाळत टाकलेली लुगडी, हे सगळं जमतं म्हणजे आपल्याला फोटोग्राफी येते, असा माझा समज होता.

जेवणाच्या टेबलावर तांब्या ठेवला, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारला. तांब्याच्या पोटावर एक पांढरा जळका डाग, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली आणि उरलेल्या तांब्यात आमचं अख्खं घर: मी, ट्रायपॉड, खिडकीचं ग्रिल, दोरीवरचे टॉवेल. मामांचं उत्तर आलं, "भांडं कुठाय यात?"

मग सगळे करतात ती चूक मीही केली. ऑनलाइन दोन लाइटांचा सेट मागवला. दोन हेड (म्हणजे फ्लॅशचे दिवे), दोन स्टँड, दोन छत्र्या, एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा एक ट्रिगर, सगळं एका पिशवीत आणि किंमत एका चांगल्या हेडपेक्षा कमी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तसल्या दहा कंपन्या आहेत आणि माल बहुधा एकच. खोक्यावर मोठ्या अक्षरात '४०० वॅट'. मला वाटलं, जेवढे वॅट जास्त तेवढं बरं.

हे वॅट म्हणजे बल्बवरचे वॅट नव्हेत, हे नंतर कळलं. स्टुडिओ फ्लॅशची ताकद वॅटसेकंदात मोजतात. आतला कपॅसिटर किती ऊर्जा साठवतो आणि एका झटक्यात सोडतो, त्याचा तो आकडा. २०० चे ४०० झाले म्हणून फोटो दुप्पट चांगला होत नाही, फक्त एक स्टॉप, उजेडाची एक पायरी, मिळतो. म्हणजे लेन्सचं छिद्र एफ ८ च्या जागी जरा लहान, एफ ११, संपलं. आणि माझी अडचण तर उलटीच होती. आमचा हॉल ११ बाय १४ फुटांचा. लाइट माणसापासून लांब न्यायचा म्हटलं तरी नेणार कुठे, बाल्कनीत? तो हेड कमीत कमी सोळाव्या भागापर्यंत उतरायचा, म्हणजे तळाला २५ वॅटसेकंद. मीटरभर अंतरावरून, आयएसओ १०० ला, मागचं धूसर करायला एफ २.८ लावलं की चेहरा पांढराफेक. लहान घरात लाइट किती चढतो यापेक्षा किती उतरतो हे आधी विचारायला हवं होतं. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, कारण खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो.

त्या सेटचे बाकीचे प्रताप थोडक्यात. हेड तिरपा करायची कळ प्लास्टिकची. सॉफ्टबॉक्स लावला की झोपेला आलेल्या म्हाताऱ्यासारखी त्याची मान खाली जायची. एकाच सेटिंगवर दहा फोटो काढले, तर दोन उजळ, तीन पिवळट. आणि माउंट, म्हणजे हेडवर सॉफ्टबॉक्स अडकवायची खोबण, त्यांचा स्वतःचाच, बाजारातलं दुसरं काहीही त्यावर बसेना. एकदा तर प्रत्येक फोटोचा खालचा पट्टा काळा यायला लागला. लाइट बिघडला म्हणून मी दोन तास खटपट केली, पण तो गुन्हा माझा होता. शटर चुकून १/५०० वर गेलं होतं. कॅमेऱ्याचा शटर-पडदा एका क्षणी पूर्ण उघडा असतो तो साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंतच. त्याहून वेगात गेलं की पडद्याची कड फोटोत येते. आता १/१६० ला ठेवतो आणि त्या चाकाला हात लावत नाही.

पण पितळानं शिकवलं ते वेगळंच. सॉफ्टबॉक्स लावून काढलेला तांब्याचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. तांब्याच्या पोटात सॉफ्टबॉक्स स्पष्ट दिसत होता. चौकोन, मधोमध धगधगता गोळा, कडा मळकट आणि एका कोपऱ्यात कापडाची सुरकुती. चकचकीत धातू म्हणजे आरसा. आरशावर उजेड टाकून काही होत नाही, आरशात जे दिसतं तेच उजळ आणि नीटनेटकं असावं लागतं. माणसाच्या गालावर तो धगधगता गोळा खपून जातो, फक्त कपाळ जरा तेलकट दिसतं आणि आपण मेकअपला दोष देतो. तांब्या मात्र सगळं बोलून दाखवतो.

मग डोक्यात आलं की मॉडिफायर, म्हणजे सॉफ्टबॉक्ससारखं उजेडाला वळण लावणारं सामान, विकत घ्यायचा, तर तांब्यालाच विचारून घेऊ.

नाशकात दोन-तीन दुकानं फिरलो. माणसं चांगली, पण माल लग्नवाल्यांचा: व्हिडिओचे एलईडी पॅनल, गिंबल, ड्रोनच्या बॅटऱ्या. स्टुडिओचं सामान मागवून देतो म्हणाले, लावून दाखवायला काही नव्हतं. शेवटी एका शनिवारी मुंबईला जाणारी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली. सीएसएमटीला उतरून चालत बोरा बाजार, कॅमेऱ्यांच्या दुकानांचा. पाठीवर बॅग, बॅगेत कॅमेरा आणि पंच्यात गुंडाळलेला, चिंच लावून घासलेला मामांचा तांब्या. गाडीत समोरच्या पासवाल्या काकांनी चेन उघडी दिसली म्हणून डोकावून बघितलं आणि विचारलं, "बाणगंगेला चाललात का?"

दुकानदार गुजराती, मराठी फर्डं. काउंटरवर तांब्या ठेवला तेव्हा तो आधी हसला, मग त्यालाच रस वाटायला लागला. एकेक सॉफ्टबॉक्स हेडवर चढवायचा, मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशचा उजेड कसा पडेल ते आधी दाखवणारा हेडमधला दिवा) लावायचा आणि दोघांनी वाकून तांब्याच्या पोटात बघायचं. पहिल्यात तोच गोळा. दुसऱ्यात पुढच्या कापडाच्या आत आणखी एक लहान कापड होतं, आतला डिफ्यूजर. ते लावल्यावर गोळा विरघळला आणि कडेपर्यंत सारखा उजेड आला. तिसरा खोल, आतून चंदेरी, ९५ सेंटीमीटरचा ऑक्टा, म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्स. त्याचं प्रतिबिंब चंद्रासारखं गोल आणि सपाट. मॉडेलिंग लॅम्पवर भरवसा नको म्हणून प्रत्येकाचा एकेक खरा फ्लॅशही मारून बघितला. तासाभरात दुकानातली पोरं जमली. एकानं स्वतःहून आतून ३० बाय १२० चा लांबट स्ट्रिप सॉफ्टबॉक्स आणला, "सर, ये लगा के देखो." तांब्याच्या एका कडेला गळ्यापासून बुडापर्यंत एक शांत, पांढरी, सरळ रेघ उमटली. तांब्याला एकदम आकार आला. मला तेव्हाच कळलं की हे घेऊन जायचं.

हेड घेतला एकच, ३०० वॅटसेकंदाचा, पण बत्तिसाव्या भागापर्यंत उतरणारा, मान धातूची, मॉडेलिंग लॅम्प एलईडीचा. जुन्या पद्धतीचा १५० वॅटचा हॅलोजन दिवा सॉफ्टबॉक्सच्या आत तापतो, आणि आमच्या हॉलमध्ये आधीच काय कमी गरम होतं! माउंट मुद्दाम बोवेन्सचाच बघून घेतला. बोवेन्स ही मूळची इंग्लंडची कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचा तीन नख्यांचा माउंट इतरांनी इतका उचललाय की आज त्या माउंटचा कुणाचाही सॉफ्टबॉक्स तसल्याच कुणाच्याही हेडवर चढतो. लाइट दहा वर्षांनी बदलेल, ऑक्टा राहील.

घरी २५ हजारांची हद्द कबूल केली होती. हेड, ऑक्टा, स्ट्रिप, दोघांच्या जाळ्या आणि ट्रिगर यांतच ती संपली. ब्यूटी डिशकडे, म्हणजे हेडवर लावायच्या ताटलीसारख्या रिफ्लेक्टरकडे, बराच वेळ बघत राहिलो आणि सोडून दिली. ती हवी होती फक्त यूट्यूबमुळे. स्टँड जुनेच ठेवले. त्यांना वजन म्हणून जुन्या जीन्सचे पाय कापून, बांधकामावरची वाळू भरून, तोंडं शिवून टाकली. बायको म्हणते, स्टँडवर कुणीतरी पाय टाकून बसल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर दोन गोष्टी निघाल्या ज्या दुकानात कळल्याच नसत्या. एक, पंखा. ऑक्टा थोडा उंच केला की पंख्याचं पातं त्याला चाटून जातं. १२० सेंटीमीटरचा ऑक्टा घेतला असता तर हॉलमध्ये उघडताच आला नसता. दोन, भिंत. आम्ही हौसेनं एक भिंत केशरी रंगवलीय. छत्री लावली की उजेड सगळीकडे उधळतो, त्या भिंतीवर आपटतो आणि परत येताना गालाला रंग लावतो. पांढऱ्या भिंतीसुद्धा निर्दोष नाहीत, त्या सावल्या भरून टाकतात आणि चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. म्हणून जाळी. कापडी चौकटींची जाळी सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर लावली की उजेड समोरच जातो. मोठ्या स्टुडिओत ती नसली तरी चालत असेल, आमच्या हॉलमध्ये तिच्यावाचून भागत नाही.

आईच्या पंचाहत्तरीचा फोटो असाच काढला. येवल्याची पैठणी, नाकात नथ, डोळ्यांवर चष्मा. ऑक्टा तिच्यापासून हातभर अंतरावर आणला. लाइट जवळ आला की माणसाच्या दृष्टीनं तो मोठा होतो, आणि मोठा उजेड म्हणजे मऊ सावली. तोच लाइट एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो आणि सावल्याही कडक व्हायला लागतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट. सगळं ठरल्याप्रमाणे, फक्त चष्म्यात ऑक्टाचे दोन पांढरे चंद्र. लाइट वर नेला, आईला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली. "पंचाहत्तराव्या वर्षी मान खाली घालायला लावतोस का रे?" ती हसली, तेवढ्यात मी बटण दाबलं. लाइटाचं तोंड थेट चेहऱ्यावर न रोखता किंचित पुढे, हवेत फिरवलं होतं, म्हणून जरीचे काठ भगभगले नाहीत. एकेक मोर वेगळा दिसतो. पंखा बंद होता, त्यामुळे बारा मिनिटांत सगळं उरकावं लागलं.

जुना सेट विकला नाही, एक हेड मागच्या पडद्यासाठी वापरतो. दुसरा बंद पडलाय. ओळखीचा टीव्ही दुरुस्त करणारा तो उघडायला निघाला होता, त्याला थांबवलं. प्लग काढला तरी कपॅसिटरमधला विजेचा भार तसाच असू शकतो आणि तो गंमत करत नाही. धड असलेले लाइटही पावसाळ्यात महिनोन् महिने कपाटात ठेवत नाही, नुसता पडून राहिला की कपॅसिटर बिघडतो. एखाद्या रविवारी लावून पाच-पंचवीस फ्लॅश मारतो.

समयांचे फोटो दिवाळीच्या चार दिवस आधी पोचवले. डावीकडे स्ट्रिप, उजवीकडे काळा पुठ्ठा, पितळाला कड यावी म्हणून. मी स्वतः काळ्या कापडामागे, कापडाला भोक, भोकातून लेन्स. पहिल्यांदाच तांब्यात मी नव्हतो. मामांनी फोटो झूम करून करून बघितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या सगळ्यात चांगल्या समईवर गुलाबाची दोन फुलं आणि 'शुभ सकाळ' असं लिहून सबंध खानदानाला पाठवलं. खाली मला वेगळा मेसेज: "फोटो उत्तम. तांब्या परत कधी देतोस?"

तो अजून कॅमेऱ्याच्या बॅगेतच आहे.