ट्युलिपमागची पवनचक्की आणि तिची धाकटी बहीण

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये बहुतेक लोक पूर्वेकडच्या टोकाला रमतात. संग्रहालयं तिकडे, जपानी चहाबाग तिकडे, म्हणून गर्दीही तिकडेच. आम्ही मात्र पाच नंबरची फुल्टन बस धरून अगदी पश्चिमेला, समुद्राजवळ उतरलो. मार्चमधलं लख्ख ऊन होतं, तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागली. पॅसिफिकवरून येणारा वारा इथे थेट अंगावर येतो. पवनचक्कीसाठी हीच जागा का निवडली, हे विचारायची गरजच उरली नाही.

इथल्या दोन चक्क्यांपैकी उत्तरेकडचीला ‘डच विंडमिल’ म्हणतात. सायप्रसच्या झाडांच्या शेंड्यांवर आधी तिची पाती दिसतात, मग ७५ फुटांचा बुरूज. पायथ्याशी क्वीन विल्हेल्मिना ट्युलिप गार्डन आहे आणि आम्ही ऐन बहरात पोचलो होतो. लाल, पिवळे, जांभळे पट्टे, आणि त्यांच्या मागे चक्की. जो येतो तो तिच्याकडे पाठ करून फोटो काढून घेतो. आम्हीही काढले. पण ही चक्की फोटोची पार्श्वभूमी व्हावी म्हणून कुणी बांधलेली नव्हती. तिच्यावर या बागेची तहान भागवायची जबाबदारी होती.

तीन मैल लांब आणि अर्धा मैल रुंद असा हा १,०१७ एकरांचा पट्टा, आणि त्याचा बराचसा भाग पूर्वी नुसत्या वाळूच्या टेकड्यांचा होता. वारा सुटला की टेकड्या जागा बदलायच्या. १८७० च्या सुमाराला विल्यम हॅमंड हॉल या अभियंत्याने इथे बाग आखायला घेतली तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. वाळू धरून ठेवायला त्याला लुपिन नावाचं झुडूप रुजवायचं होतं, पण ते मूळ धरण्याआधीच वारा ते उपटून न्यायचा. असं सांगतात, की घोड्याच्या चाऱ्यातलं बार्ली सांडलं आणि भराभर उगवलं. मग त्याने दोन्ही एकत्र पेरलं. बार्लीने वाळू थोपवली, तेवढ्यात लुपिनने मुळं पसरली. पुढे जॉन मॅक्लारेन या स्कॉटिश माळ्याने अनेक दशकं खपून इथे झाडी उभी केली.

वाळूत झाडं जगवायची तर पाणी सतत हवं, आणि ते स्प्रिंग व्हॅली या खासगी कंपनीकडून विकत घ्यावं लागे. बागेच्या कारभाऱ्यांना हा खर्च फार डोईजड होऊ लागला. गंमत म्हणजे गोडं पाणी पायाखालीच होतं. पावसाचं पाणी वाळूतून झिरपून खाली साठतं आणि हळूहळू समुद्राकडे सरकतं. प्रश्न होता तो उपशाचा. वारा फुकटचा होता, आणि तोही पाण्याच्या अगदी शेजारी.

अल्फियस बुल ज्युनियर याच्या आराखड्यानुसार ही पहिली चक्की १९०३ साली उभी राहिली. ती तासाला ३० हजार गॅलन, म्हणजे एक लाख लिटरहून जास्त पाणी उपसायची. पाती फिरली की आडवा आस फिरतो, दातेरी चाकं ती गती उभ्या दांड्याला देतात आणि बुरुजाच्या तळाशी पंप चालतो. हे पाणी जवळच सोडून भागत नव्हतं, ते चढावर, बागेच्या आतल्या भागापर्यंत पोचवायचं होतं. जाळीदार पात्यांवर शिडाचं कापड ताणलेलं असलं की ती वारा पकडतात. खालून पाहताना नाजूक वाटणाऱ्या या सांगाड्यावर केवढा जोर येत असेल, ते त्या वाऱ्यात उभं राहिल्यावर कळतं.

पहिलीचं काम पाहून दुसरीची तयारी झाली. सॅम्युअल मर्फी नावाच्या बँकरने त्यासाठी २० हजार डॉलर दिले आणि १९०८ साली दक्षिण टोकाला ‘मर्फी विंडमिल’ तयार झाली. वयाने धाकटी, पण अंगाने थोरली: ९५ फूट उंच, टोकापासून टोकापर्यंत ११४ फूट पसरलेली पाती आणि तासाला ४० हजार गॅलनची ताकद. भूकंपाने आणि आगीने बेचिराख झालेलं शहर दोनच वर्षांपूर्वीचे घाव भरत होतं, त्या काळातली ही हौस. मला ती हौस फार आवडली.

पण दोघींची नोकरी अल्पायुषी ठरली. १९१३ च्या सुमाराला विजेचे पंप आले. त्यांना वारा पडल्याची फिकीर नव्हती. चक्क्या नुसत्याच उभ्या राहिल्या आणि समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने त्यांचं लाकूड कुजवलं. शतकाच्या मध्यापर्यंत दोघींची अगदी रया गेली होती.

डच विंडमिलसाठी आधी धावून आल्या त्या एलिनॉर रॉसी क्रॅबट्री, शहराचे माजी महापौर अँजेलो रॉसी यांच्या कन्या. त्यांनी पाठपुरावा केला, लोकांना कामाला लावलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चक्कीला तिचं जुनं रूप परत मिळालं. रूप मिळालं, काम नाही. पाणी ती आजही उपसत नाही.

तिथून आम्ही समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे निघालो. वाटेत १९२५ ची बीच शॅले ही इमारत लागते. खालच्या मजल्यावर लुसिअँ लाबो या चित्रकाराने तीसच्या दशकात रंगवलेली शहराची भित्तिचित्रं आहेत. फुकट बघता येतात, चुकवू नका.

मर्फीजवळ पोचलो तर तिथे चिटपाखरू नव्हतं. ट्युलिप नाहीत म्हणून कुणी येत नसावं. मला मात्र हीच जास्त आवडली, आणि त्याला तिच्या दुरुस्तीची गोष्टही कारणीभूत आहे. २००२ साली तिचा तांब्याने मढवलेला घुमट उतरवण्यात आला, वजन सुमारे ६४ टन. यंत्रणा दुरुस्तीसाठी थेट नेदरलँड्सला गेली, कारण एवढ्या मोठ्या लाकडी चाकांची आणि आसाची जाण असलेले कारागीर तिथेच होते. घुमट बुरुजावर परत चढायला २०११ साल उजाडलं. पैसे जमवण्यात आणि काम रखडण्यात मधली वर्षं गेली. एप्रिल २०१२ मध्ये डच राणीच्या सणाच्या निमित्ताने तिची पाती फिरली.

बाहेरून रंगरंगोटी करून भागलं असतं. कुणाची तक्रारही आली नसती. तरी आतलं यंत्र फिरतं करण्याचा हट्ट धरला, हे मला पटलं. नऊ वर्षं जास्त वाटतात खरी, पण न फिरणारी पाती लावायला एवढा खटाटोप कशाला?

आम्ही गेलो त्या दिवशी पाती थांबवलेली होती. रोज फिरतील अशी आशा धरून जाऊ नका. ट्युलिप पाहायचे तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जा, शक्यतो सकाळी. दुपारनंतर वारा वाढतो आणि फुलं फोटोत हलतात. परतीला मर्फीपासून एन-जुडा ट्रामचं शेवटचं स्थानक पायी गाठता येतं, ती थेट शहराच्या मध्यावर नेते. आणि जाकीट विसरू नका, जुलै असला तरी.