20 टाक्यांचे 23

सोमवार, रात्र

आज थोरल्याच्या विणकामातले टाके मोजले. 23 भरले. सुईवर घातले होते 20.

हे तीन कुठून आले ते मला ठाऊक आहे, कारण माझेही तिथूनच आले होते. ओळ पालटताना दोरा सुईवरून मागे ओढला गेला, की कडेच्या एकाच टाक्याचे दोन पाय वर दिसतात. नवशिका ते दोन टाके समजतो आणि दोन्ही विणून मोकळा होतो. मी स्वतः विणायला शिकलो ते 38व्या वर्षी, पोराच्या जेमतेम पंधरा दिवस आधी.

ससा करायचाय. त्यासाठी चौकोन लागतो. नुसते सुलट टाके घेतले तर 20 टाक्यांना साधारण 40 ओळी झाल्या की चौकोन होतो. कोपरा तिरपा दुमडून पाहिला की लगेच कळतं. मग त्यात त्रिकोणी धावदोरा घालायचा, आत लोकर भरायची आणि दोरा ओढायचा. डोकं-कान आपोआप वर येतात. आमच्या 24 ओळी झाल्यात आणि चौकोन सुपासारखा वर पसरत चाललाय.

मुलं झोपल्यावर मी गुपचूप 6 ओळी उसवल्या आणि नीट विणून ठेवल्या. 20 च्या 20. फार बरं वाटलं.

मंगळवार

पकडलो गेलो.

सकाळी त्याने विणकाम हातात घेतलं आणि सुई शिरेना. दोनदा जोर लावून पाहिला. मग कापड उलटंपालटं करून म्हणाला, "हे मी नाही केलं. हे घट्ट आहे."

खरंच होतं. माझा हात आवळ, त्याचा सैल. खालच्या ओळींतून उजेड दिसतो, वरच्या सहा फळीसारख्या ताठ. टाके मोजून बरोबर केले, पण हात कुठे लपवणार?

कबूल केलं. तो रडला नाही, चिडलाही नाही. "मग तुझं तू काढ," एवढंच म्हणाला. मी उसवायला लागलो तर थोड्या वेळाने दोऱ्याचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि उरलेलं स्वतः सर्रकन ओढून काढलं. वाकडातिकडा, कुरळा दोरा बघून आम्ही दोघंही हसायला लागलो. मी लाजेनेच जास्त.

पुन्हा विणताना आमचं गाणं म्हटलं. मीच जुळवलंय, चाल धाकटीची:

बिळात गेली मुंगीबाई,
गळ्यात दोरा घालून घेई,
दाणा घेऊन वरती आली,
टुणकन उडी मारून गेली.

सुई आत, दोरा भोवती, बाहेर ओढ, जुना टाका सोड. चार ओळी, चार हालचाली. सूचना देत बसलो की त्याचे हात थांबतात, गाणं म्हटलं की चालतात. लहान मूल सांगून नाही, बघून शिकतं, हे वॉल्डॉर्फ शिक्षणपद्धतीवाल्यांचं म्हणणं मला सगळ्यात आधी इथेच पटलं.

बुधवार

धाकटीचा चेंडू. ती चार वर्षांची, सुयांना अजून अवकाश आहे. पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर एकावर एक, आडवे-उभे गुंडाळायचे, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचे आणि तळहातांत गोल गोल फिरवायचे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, साबण आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकत जातात आणि सुटे तंतू आवळून घट्ट नमदा बनतो. मागच्या महिन्यात हेच आम्ही अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याचे तुकडे घेऊन केलं होतं. अर्धा तास चोळून हातात फक्त ओला गुंता उरला. अ‍ॅक्रिलिकला खवलेच नसतात. नाव लोकर म्हणून विकलेलं सगळंच मेंढीच्या अंगावरचं नसतं, हे घरी आणून कळलं.

सुरुवातीला हात अगदी हलका लागतो, पिल्लू धरल्यासारखा. तिने धरलं ते कपडे पिळल्यासारखं. चेंडूला मधोमध खोल घडी पडली. माझे हात शिवशिवले. वरून एक पातळ थर चढवला असता तर झाकली गेली असती.

मी हात मांड्यांखाली घालून बसलो. अक्षरशः.

"याला तोंड आहे," ती म्हणाली. आता चेंडू झोपतो, उठतो, भूक लागली म्हणून सांगतो.

शुक्रवार

मेणाचा दिवस. मधमाशांच्या मेणाची रंगीत वडी आधी दगडासारखी असते, मुठीत पाच-सात मिनिटं धरावी तेव्हा वळते. त्या पाच-सात मिनिटांत गोष्ट सांगायची. आज धाकटीने वडी काखेत धरली होती. गोष्ट संपली तरी बाहेर काढेना.

शनिवार

थोरल्याचा दात हलतोय. वॉल्डॉर्फ पद्धतीत दुधाचे दात पडू लागणं ही औपचारिक शिक्षण सुरू करायची खूण मानतात. ही पद्धत घालून देणाऱ्या रुडॉल्फ स्टायनरच्या लिखाणातलं बरंच मला पचत नाही, दाताचं हे गणितही मी बेतानेच घेतो. पण 1919 मध्ये श्टुटगार्टला सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी त्याने पहिली शाळा काढली, आणि तिथे मुलं-मुली एकाच वर्गात सुया घेऊन विणायला बसवली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आमच्याकडे येणारे "मुलगा विणतो?" असं आधी विचारतात. मग माझ्या हातातल्या सुया दिसल्या की विषय बदलतात.

सुया आम्हीच केल्यात. गोल लाकडी काड्या, पेन्सिलच्या शार्पनरने एक टोक काढलेलं, मग पॉलिश पेपरने घासघास घासलेलं. टोकाने गालाला टोचलं नाही पाहिजे ही त्याची परीक्षा. तीन संध्याकाळी लागल्या. विणण्याआधीच्या त्या तीन संध्याकाळी त्याला विणण्यापेक्षा जास्त आवडल्या असाव्यात.

रविवार

40 ओळी झाल्या. टाके 24. ते तीन परत आले, वर एक आणखी कुठून तरी आला. कोपरा दुमडला तर कडेला जुळत नाही. मी काही बोललो नाही. "ससा जाडा होईल," तो म्हणाला आणि धावदोऱ्यासाठी दोरा तोडायला गेला.

परत आला तेव्हा मी माझा चौकोन विणत होतो. शेजारी बसून बोटाने टाके मोजले. मग पुन्हा मोजले.

"बाबा, तुझे 19च आहेत."

एक गळला होता. कितव्या ओळीत, कोण जाणे. मी विणकाम त्याच्यापुढे केलं, तर त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"तू शोध," म्हणाला.